तिसरा नको

जानेफळात अन्नपूर्णाबाईच्या तोंडी लागायची हिंमत दोघीच करत. एक तिची नात सुलभा, कारण तिला अजून अक्कल आली नव्हती. आणि दुसरी शेजारची केसरबाई, कारण तिची येऊन निघून गेली होती. बाकीचं गाव बाईला रस्ता सोडून चालायचं. नवरा माणिकराव तर लग्नानंतर वर्षाच्या आतच थोडा बहिरा झाला आणि त्या बहिरेपणात त्याचा संसार सुखाचा गेला. मळ्यातल्या वांग्याला पाणी कधी सोडायचं, इथपासून ते शाळामास्तर झालेल्या मुलानं, चिंतामणनं, पँट कोणत्या रंगाची शिवायची, इथपर्यंत सगळं बाईच ठरवायची. आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. लोकांना झोंबायचं ते हेच.

अशा बाईला सून मिळाली पुण्याची. स्नेहलता तिचं नाव. शिकलेली, हाताला चटपटीत, बोलायला गोड. खोट म्हणाल तर एकच. तिला 'नको' कळत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला हे उघडं पडलं. पुरणपोळ्या होत्या. बाई जेवायला बसली, सून दुरडी घेऊन आली.

"आत्याबाई, अजून एक वाढू?"

"नको वं माय. झालं माह्यं."

आणि सून दुरडी उचलून आत निघून गेली! गेली म्हणजे गेलीच. परत आली ती ताकाचं भांडं घेऊन.

आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पहिला नको हा मानाचा असतो. तो म्हणायचाच असतो, नाही तर माणूस हावरट दिसतं. दुसरा नको लाजेचा. आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं, की काही बोलायचं नसतं. ताटाकडे बघत गप्प बसायचं, म्हणजे पोळी आपोआप ताटात पडते. देवाच्या नैवेद्याइतका साधा व्यवहार. पण पुण्यात म्हणे नको म्हणजे नकोच असतं. मग तिथली माणसं जेवतात तरी कशी, हे बाईला आजवर कोडंच होतं.

त्या दिवशी बाई अर्ध्या पोटी उठली आणि दिवेलागणीपर्यंत अख्ख्या आळीला कळलं की पुण्याची सून सासूला उपाशी ठेवते. सुनेनंही मनाला लावून घेतलं. पुढे ती तीनदा विचारायला शिकली. मग तर तिसऱ्यांदा न विचारताच वाढून मोकळी व्हायला लागली. बाईला वाटलं, शिकली पोर. पण पोर पोळीपुरतंच शिकली होती. हे कळायला बरीच वर्षं गेली आणि मध्ये अख्खा हिमालय यावा लागला.

त्याचं असं झालं. भाऊबीजेला स्नेहलताचा धाकटा भाऊ उद्धव आला. मिलिटरीत कॅप्टन. काश्मिरात गुलमर्ग म्हणून ठिकाण आहे, तिथं त्याची नेमणूक. अंगणात बाजेवर बसून तो जे सांगायला लागला, ते ऐकायला अर्धी आळी गोळा झाली. हिवाळ्यात तिथं माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो. डोंगरच्या डोंगर पांढरे. मोठमोठी लाकडी हॉटेलं, खोलीखोलीत शेगडी, आणि देशोदेशीचे लोक तिथं जमतात ते नुसते घसरायला. पायांना लांब फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या धरायच्या आणि डोंगरावरून खाली सुटायचं. त्याला म्हणतात स्की. ते शिकवायची शाळासुद्धा आहे.

"घसराची शाळा?" बाई म्हणाली. "बाप्पा! आमच्या नाल्यावर म्हशी घसरतेत, त्याइले कोन्या मास्तरानं शिकवलं?"

सगळे हसले. केसरबाईनं पदर तोंडाला लावला. "अवं, पायाले फळ्या बांधतेत म्हन्ते. मंग तिरडीले काय बांधतेत?"

"तुह्यी जीभ," बाई म्हणाली, "म्हंजे तिरडी सुटाची धास्ती नाही."

उद्धवलाही हसू आवरेना. "ते काही नाही," तो म्हणाला. "फेब्रुवारीत सगळ्यांनी यायचं. बर्फ तेव्हा एकदम छान असतो. ताई, भावोजी, आमची सुलू. सुलूला मी स्की शिकवणार. बाबा, तुम्ही येणार ना?"

माणिकराव म्हणजे घराला आग लागल्याचंही दोनदा सांगावं लागेल इतका बहिरा. पण तो पहिल्याच हाकेला म्हणाला, "हाव, येतो ना."

बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर जागीच करपला असता.

"आणि आई, तुम्ही पण," उद्धव म्हणाला.

इथं जरा थांबून सांगायला पाहिजे, की या दोन शब्दांनी बाईला काय आठवलं. बाईचं माहेर बीबीचं. ती सुलभाएवढी असताना तिथल्या एका बड्या घरच्या लग्नात अकोल्याहून बर्फाची लादी आणली होती, भुश्यात गुंडाळून, पोत्यात शिवून. जमलेल्या पोरांना एकेक तुकडा वाटला. बाकीच्यांनी चोखून संपवला. छोट्या अन्नपूर्णेनं मात्र तो परकराच्या ओच्यात बांधला आणि आईला दाखवायला घराकडे धूम ठोकली. घरी येऊन गाठ सोडली, तर आत नुसता ओला ओचा. आईनं पाठीत धपाटा घातला, परकर भिजवला म्हणून. काचेसारखा दगड होता, हाताला चटका द्यायचा, असं ती सांगत राहिली. कुणी मानलं नाही. तेव्हापासून पळून न जाणारा बर्फ एकदा डोळ्यांनी पाहायचा, असं तिच्या मनात होतं. ही गोष्ट तिनं फक्त एकदा, लग्नाच्या नव्या नवलाईत, माणिकरावाला सांगितली होती. पण तो ऐकतो कुठं!

म्हणून उद्धवनं "तुम्ही पण" म्हटलं, तेव्हा बाई मनातल्या मनात गाडीत बसलीसुद्धा. तोंडानं मात्र रीतीप्रमाणं म्हणाली, "नको बाप्पा. मी कायले येऊ त्या बर्फात? तिथं काय माह्यं माहेर हाय?"

उद्धवनं पुढं बोलायला तोंड उघडलं. आणि स्नेहलतानं त्याला हातानं थांबवलं.

"राहू दे रे. आत्याबाईंना जोर करायचा नाही. त्यांच्या मनाविरुद्ध काही नको."

किती आदरानं म्हणाली! भावाला डोळ्यांनी दटावलं तिनं. आणि बाई बघत राहिली, जणू तिच्या डोळ्यांदेखत पोळ्यांची दुरडी पुन्हा आत चालली होती.

ठीक आहे, बाई म्हणाली स्वतःशी. एक झाला. अजून दोन डाव विचारायचं राहिलं आहे, पोरगी विचारेलच.

पोरगी लागली तयारीला. चिंतामणनं शाळेतून देशाचा नकाशा आणून भिंतीला टांगला. मलकापूरला गाडीत बसायचं, दिल्लीला बदलायची, पठाणकोटला उतरायचं, मग बस, आणि शेवटच्या चढाला घोडे. रोज संध्याकाळी सगळे नकाशासमोर बसत आणि बाई पलीकडे तूर निवडत बसे, नकाशाकडे पाठ करून. पण रस्ता तिला सगळ्यांच्या आधी पाठ झाला. एकदा चिंतामण चुकून लुधियाना आधी म्हणाला, तर पाठीमागून आवाज आला, "अंबाला येते आधी, मास्तर."

"माय, तू ऐकून राह्यली व्हय?"

"मी तूर निवडून राह्यली. माह्ये कान काय मी धान्यात सोडून देऊ?"

स्नेहलतानं पुण्याहून लोकर मागवली आणि स्वेटर विणायला घेतले. सुलभाला लाल, चिंतामणला राखी, आणि "मामंजी, तुम्हाला कोणता रंग?" असं माणिकरावाला विचारलं, तर म्हणे, "वांग्याचा."

"या वयात वांग्याचा रंग!" बाई म्हणाली. "डोक्यावर एक हिरवा देठ लावून घ्या, म्हंजे मी भरीत करतो."

मापासाठी सुनेनं सदरा मागितला, तर त्यानं तो दिला नाही. गाठी मारलेली सुतळी आणून दिली. ही गाठ छातीची, ही बाहीची, ही उंचीची. गडी मोठ्या हुशारीनं सांगत होता. स्वेटर विणून झाला आणि त्यानं घालून पाहिला, तर बाह्या कोपरापाशी संपलेल्या आणि पोट उघडं.

"धुतल्यावर वाढते थे," माणिकराव म्हणाला आणि घडी करून ठेवून दिला.

"लोकर हाय का पोट्टं, वाढाले?" बाई म्हणाली. तिला त्या दिवशी भलतंच बरं वाटलं. आपल्याला कुणी स्वेटर विणला नाही, पण याचाही बसला नाही, एवढं तरी झालं!

दुसऱ्यांदा विचारणं आलं ते चुलीपाशी. बाई भाकरी थापत होती. स्नेहलता आली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नक्की नाही ना येणार? म्हणजे तिकिटं काढायला बरं."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी विचारतं का? 'नक्की नाही ना' याला माणसानं काय उत्तर द्यावं? पोळी वाढताना कुणी म्हणतं का, 'तुम्हाला नक्की नको ना, म्हणजे मी झाकून ठेवते'? बाईनं भाकरी तव्यावर अशी आपटली, की चुलीतली राख उडाली.

"नाही."

"बरं," म्हणाली सून आणि गेली.

दोन झाले. आता तिसरा. बाईनं ठरवून टाकलं, तिसऱ्यांदा विचारलं की गप्प बसायचं आणि खाली पाहायचं, बस्स. मग पुढचे दिवस ती नुसती वाट पाहत राहिली. सून जवळ येऊन म्हणायची, "आत्याबाई, एक विचारायचं होतं," आणि बाई हातातलं काम टाकून, पदर नीट करून, खाली पाहून तयार व्हायची. तर ती विचारायची, "मिरचीपूड किती न्यावी?" नाही तर, "मोठ्या ट्रंकेची किल्ली कुठं असते?" एकदा तर बाईच्या अगदी कानाशी येऊन, हळू आवाजात, "आत्याबाई, रागावणार नसाल तर विचारते," म्हणाली. 

"विचार नं, विचार."

"आपल्या दोन गोधड्या नेऊ का?"

बाईनं गोधड्या दिल्या. दिल्या म्हणजे फेकल्या.

तिकडे सुलभानं घर डोक्यावर घेतलं होतं. आजोबांकडून जुन्या बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, दोन फळ्या तिनं तासून घेतल्या, पुढची टोकं निमुळती करून घेतली आणि ती पायांना बांधून सराव सुरू केला. सराव कशावर? तर माजघरालगतच्या खोलीत नव्या वेचणीचा कापूस भरला होता, खिडकीच्या चौकटीला टेकलेला पांढराशुभ्र ढीग. बाईनं पाहिलं आणि तिचा आवाज पार मळ्यापर्यंत गेला.

"उतर! उतर खाली, शिंगरे! लक्ष्मी हाय थे, तिच्यावर पाय देतं व्हय?"

"आजी, स्की शिकून राह्यली मी."

"तुह्यी इस्की गेली चुलीत!"

"इस्की नाही आजी, स्की."

"मले नको शिकवू. इस्की."

मग सुलभा अंगणातल्या कडब्याच्या गंजीवर गेली. सराव झाला की फळ्या मात्र कापसाच्या खोलीतच दाराआड उभ्या राहायच्या. येता-जाता बाईची नजर त्यांच्यावर जायची.

संक्रांत आली. केसरबाईकडे हळदीकुंकू होतं, बायका भरपूर जमल्या होत्या. स्नेहलताही होती. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता केसरबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "काय वं अन्नपूर्णे, सारं घर बर्फात चाललं म्हन्ते. अन् तुले काऊन नाही नेऊन राह्यले?"

असं विचारल्यावर गप्प बसणारी बाई वेगळी. अन्नपूर्णाबाई ती नव्हे.

"नेत नाहीत?" ती कडाडली. "माह्या मांगं लागले होते सारे! मीच नाही म्हटलं. आता कोनी पाय धरले तरी मी जाऊन नाही राह्यली, जाय!"

बोलून झालं आणि तिनं सुनेकडे पाहिलं. सून मान डोलावत होती. अगदी समजूतदारपणे. बाईच्या तोंडातला तिळगूळ कडू झाला. वाट पाहून पाहून जपलेला तिसरा डाव, आणि तो कुणाच्या ओटीत टाकला? तर केसरबाईच्या! हा मोजायचा की नाही? विचारणारी परकी, त्यामुळे खरं तर मोजू नये. पण ऐकणारी तर सून होती. रात्रभर हा हिशेब काही सुटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. चिंतामण आणि सुलभा शाळेत, माणिकराव मळ्यात, सून कुणाकडे तरी वाण द्यायला. बाई कापसाच्या खोलीत गेली, खिडकी बंद आहे का पाहायला. खिडकी बंदच होती. दाराआड फळ्या होत्या.

बाईनं आधी ढिगाला हात लावून तो कपाळाला लावला. "माफ कर वं माय," ती लक्ष्मीला म्हणाली. "एकच डाव." मग लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, फळ्या काखेत घेतल्या आणि गुडघ्यांवर, हातांवर, धापा टाकत ढिगाच्या माथ्यावर चढली. तिथं बसून सुतळीनं फळ्या पायांना बांधल्या. काठ्यांऐवजी दोन तुराट्या घेतल्या हातात. आणि उभी राहिली.

खाली पाहिलं तर सगळं पांढरं. भिंतीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती, तिच्यात कापूस नुसता चमकत होता. बीबीचं ते लग्न आठवलं. तिनं उद्धवनं सांगितल्याप्रमाणं गुडघे वाकवले, कंबर वाकवली आणि तुराट्यांनी जोर दिला.

आता कापूस काही बर्फ नव्हे. त्यानं फळ्या धरून ठेवल्या, घसरू दिल्याच नाहीत. बाईला मात्र सोडलं. फळ्या जागच्या जागी अडल्या आणि बाई पुढे गेली, मग डोकं खाली, फळ्यांसकट पाय वर, अर्धा ढीग अंगावर घेऊन जमिनीशी आली. तोंडात कापूस, कानात कापूस, अंबाडा सुटलेला. लागलं काहीच नाही. क्षणभर ती तशीच पडून राहिली आणि मग तिला हसू फुटलं. एकटीच हसत राहिली, पोट धरून, सासरी आल्यापासून कधी हसली नसेल अशी.

"आत्याबाई!"

दारात स्नेहलता उभी होती, हातात वाणाचं ताट.

बाईनं कापूस थुंकला. "फळ्या पाहून राह्यली होती. पोरीचं वजन पेलतीन का नाही म्हून."

"पण सुलूपेक्षा तुमचं वजन…"

"म्हूनच तं. मले पेलल्या तं तिले पेलतीनच नं? येवढं बी समजत नाही, अन् म्हने म्याट्रिक झाली!"

सुनेचे ओठ हलले, पण ती हसली नाही. ताट खाली ठेवून ती बाईच्या पायांशी बसली आणि सुतळीची गाठ सोडायला लागली. एक पाय सुटला. दुसरा हातात धरून तिनं वर पाहिलं.

"आत्याबाई, तुम्हाला यायचंय का?"

आला! ज्याची वाट पाहून पाहून तूर निवडून संपली, तो तिसरा डाव आला. आता काही करायचं नव्हतं. गप्प बसायचं, खाली पाहायचं. पण केसात कापूस, अंबाडा सुटलेला, पाय सुनेच्या मांडीवर; अशा अवस्थेत कुणी दया केल्यासारखं विचारलं, तर अन्नपूर्णाबाईची जीभ अन्नपूर्णाबाईचंही ऐकत नसे.

"नको," ती म्हणाली.

"बरं," म्हणाली सून. फळ्या उचलल्या, ताट उचललं आणि बाहेर गेली.

बाई कापसात बसून राहिली. तिसरा नको तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटला होता. तिसऱ्या नकोनंतर जगात काही नसतं. वाढणारी पंगत सोडून पुढं जाते. आता ते जातील, बर्फात घसरतील, घरी येऊन सांगतील आणि आपण म्हणू, असेल बाप्पा. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं कापसानंच पुसलं. कापूस घरचाच होता.

बाहेरून माणिकरावाचा आवाज आला. मळ्यातून लवकर आला होता वाटतं. बहिऱ्याचं बोलणं हळू नसतं, भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काय म्हने तुह्यी सासू?"

"नको म्हणाल्या, मामंजी."

"कितवा नको होता थो?"

"अं? उद्धवला एक, चुलीपाशी एक, आणि हा... तिसरा."

"अन् पोळी वाढतानी तिसऱ्या डावाले तू काय करतं, पोरी?"

 स्नेहलता पुण्याचं ते "अय्या!" म्हणाली, आणि हातातलं ताट दणकन खाली पडलं.

"जाय माघारी," माणिकराव म्हणाला. "अन् हे स्वेटर घेऊन जाय. माह्यं नोह्य थे. थे झोपली होती, तवा सुतळीनं माप घेतलं मी. आमच्या लग्नातलं लुगडं बी तिले वांग्याच्याच रंगाचं पाह्यजे होतं, हिरवं देलं लोकाइनं."

बाई ताठ बसली. ऐकतो! हा माणूस सगळं ऐकतो! बीबीचा बर्फसुद्धा यानं ऐकला होता तर!

दार उघडलं. चौथ्यांदा सुनेनं काही विचारलंच नाही. सरळ आली आणि वांग्याच्या रंगाचा तो स्वेटर बाईच्या डोक्यातून खाली ओढला. आतून "नको, नको, सोड मले, म्हशीले झूल घालून राह्यली काय," असं बरंच काही ऐकू आलं, पण लोकर जाड होती. डोकं बाहेर आलं, हात बाह्यांतून निघाले. बाह्या बरोबर मनगटापाशी थांबल्या. उंची बरोबर कमरेशी. जशी गाठ मारली होती तशी.

स्नेहलता तिच्यासमोर कापसात बसली. आणि इतक्या वर्षांत कधी नाही ते, पुण्याच्या तोंडानं वऱ्हाडी बोलली.

"आत्याबाई, तुमी नाही येत तं मी बी नाही जात राह्यली."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग खाली पाहिलं. बराच वेळ गप्प बसली; रीतीत जेवढं गप्प बसायचं असतं त्याहून थोडी जास्तच.

"जाऊन नाही राह्यली," ती शेवटी म्हणाली. "'नाही जात राह्यली' नोह्य. जाऊन नाही राह्यली. नीट म्हन."

"जाऊन नाही राह्यली."

"हाव. अन् तुह्या भावाले कळव, माह्या मापाच्या फळ्या काढून ठेव म्हनावं. ह्या घसरत नाहीत."

त्यानंतर नकाशासमोर बाई पुढच्या रांगेत बसायला लागली, आणि प्रवास खऱ्या अर्थानं ठरायला लागला. ठेचा किती, ज्वारीचं पीठ किती, पठाणकोटला कुणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही आणि घोडेवाल्यानं जास्त बोलायला सुरुवात केली तर काय करायचं, सगळं तिनं ठरवलं. माणिकरावाला स्वेटर उरला नाही म्हणून त्याला घोंगडी मिळाली. त्याबद्दल बाई काय म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही.

निघायच्या दिवशी एस्टीच्या थांब्यावर अर्धी आळी आली होती. महाराष्ट्र झाला त्या वर्षी तिथं लावलेलं लिंबाचं रोप आता चांगलं सावली द्यायला लागलं होतं. त्या सावलीत ट्रंका, गोधड्या आणि सुलभाच्या फळ्या. त्या फळ्या तिनं कुणाचं न ऐकता बरोबर घेतल्याच. बाई वांग्याच्या रंगाचा स्वेटर घालून खिडकीशी जाऊन बसली. जानेफळात त्या दिवशी चांगलं ऊन होतं. तिच्या कपाळावर घाम होता, पण स्वेटर काही तिनं काढला नाही.

केसरबाई खिडकीखाली आली. हातात कागदाची पुडी. तिनं डोळे बारीक केले.

"काय वं? त्या दिशी तं म्हने पाय धरले तरी जाऊन नाही राह्यली!"

"मी कुठं जाऊन राह्यली?" बाई म्हणाली. "मले नेऊन राह्यले."

  केसरबाईनं पुडी वर केली.

"तिळाचे लाडू हायेत. वाटेत खाय."

"नको वं, कायले तरास."

"घे नं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीनं आचका दिला. बाईनं एकदा पुढं पाहिलं, एकदा केसरबाईकडे पाहिलं. तिसऱ्यांदा विचारायला गाडी थांबणार नव्हती.

"नको म्हटलं नं!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता खिडकीतून हात बाहेर काढून पुडी घेतली.